उभ्या ज्वारीतून मेंढ्यांची वाट

संक्रांत झाल्यावर मी कुठं निघाले आहे असं आमच्या हैदराबादच्या बरकतपुऱ्यात ज्याने ज्याने विचारलं, त्याला मी एकच उत्तर दिलं: लेंड्या पाहायला. हिमायतनगरच्या हळदीकुंकवात हे सांगितलं तेव्हा वाण देणाऱ्या बाईंचा हात हवेतच राहिला. आमच्या ओळखीतली माणसं काशीला जातात, युरोप करून येतात आणि पुढं वर्षभर तिथल्या चीजबद्दल बोलतात. मी साठी उलटलेली बाई, गुडघ्याला पट्टा बांधून मेंढ्यांच्या लेंड्या पाहायला निघाले, याचं कुणाला हसू येत असेल तर खुशाल येऊ दे. मी काही चोरी करायला चालले नव्हते.

बोलावणं होतं शकूचं. शकू माझी मावसबहीण. मराठी, तेलुगू आणि कानडी जिथं एकाच बांधावर बसून विडी ओढतात, त्या नारायणखेडकडच्या माळावर तिला दिली, आणि ती तिथं अशी रुजली की आता हैदराबादला आली तरी दोन दिवसांत तिला परत जायचे डोहाळे लागतात. तिचा फोन आला. "ताई, औंदा मेंढ्या बसतात का न्हाई, काय सांगता येईना. बसल्या न्हाईत तर हा माळ गेला समज. तू ये. बघायला तरी आपलं कुणी असावं."

शहरातल्या वाचकांसाठी हे जरा उलगडून सांगते. तिकडची जमीन तांबडी, मुरमाड, उंचावरची. तिथं खत म्हणून तळ्याचा गाळ चढवता येत नाही, आणि पाऊस लांबला की पोत्यातलं खत पिकाला उलट जाळतं. म्हणून पीक निघालं की धनगराचा कळप बोलावून रिकाम्या शेतात काही रात्री मुक्कामाला ठेवायचा. याला मेंढ्या बसवणं म्हणतात. मेंढ्यांनी तुरीचा पडलेला पाला खायचा, लेंड्या आणि मूत शेतात सोडायचं, खुरांनी ते तुडवायचं. बदल्यात धनगराला दाणे आणि दोन वेळची भाकरी. आजेसासऱ्यांच्या आधीपासून शकूच्या घरी हेच चालत आलं आहे.

माझ्या मुलाला हे सांगितलं. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, कंपोस्टची बॅग ऑनलाइन मिळते ना. शकूमावशीला ऑर्डर करून देतो."

"तुझ्या बाल्कनीतल्या तुळशीला घाल ती," मी म्हटलं आणि अफझलगंजच्या बाजारात गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं? कळपाच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात बांधायला एक पितळी घाट, म्हणजे घंटा, घेतली, चांगली ठसठशीत. तिच्या आवाजाने दुकानदारही खूश झाला. त्या घाटीचं पुढं काय झालं ते सांगतेच.

माळावर

बसबद्दल लिहीत नाही. ज्याला ती बस माहीत आहे त्याला पुन्हा त्रास कशाला.

माळावर पोचले की पहिल्यांदा वारा भेटतो. मग लाल माती, सीताफळीची झुडपं, कुणीतरी रचून विसरून गेल्यासारखे मोठे मोठे धोंडे. खाली लांब मांजरेच्या काठची काळी जमीन आणि उसाचा हिरवा पट्टा. खालच्या लोकांना पाणी आहे, वरच्यांना जनावरं. असा हा जुना हिशोब आहे आणि त्यात वरचे लोक स्वतःला अजिबात कमी समजत नाहीत.

आमच्या सोसायटीत ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या डब्यात टाकायला शिकवण्यासाठी सभा घ्यावी लागली, आणि त्या सभेत भांडणं झाली. शकूच्या अंगणात डबाच नाही. कोंडा कोंबड्यांना, धुणं-भांड्याचं पाणी शेवग्याला, बैलांनी सोडलेली कडब्याची बुडखं चुलीत, चुलीतली राख कांद्याच्या वाफ्यात. शेणाचं तर विचारूच नका, त्याच्यावरून सकाळी शकू आणि तिची शेजारीण यांच्यात चढाओढ असते. दुपारी अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि वर करडईचं कच्चं तेल. अंबाडीला तिथं पुंटिकूर म्हणतात आणि आमच्यापेक्षा दुप्पट तिखट करतात. मी डोळे पुसत तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवण झाल्यावर शकूने मला बांधावर नेऊन दाखवलं. ज्या वाटेने दर साली कळप वर यायचा, त्या वाटेवर तारेचं कुंपण होतं. पलीकडे मोठी कमान, कमानीवर हिरव्या अक्षरांत इंग्रजी नाव, दोन रंगवलेले मोर, आणि आत एकही झाड नाही. आमच्या हैदराबादेत याला वेंचर म्हणतात. कुणाचा तरी माळ विकला गेला होता आणि त्याचे प्लॉट पडले होते. रंगवलेले दगड रांगेत उभे होते, प्रत्येकावर नंबर.

"वाट होती ना ही? वहिवाट?" मी विचारलं.

"होती," शकू म्हणाली. "धा माणसं गेलो सांगायला. वाट कागदावर न्हाई म्हणाले. मेंढ्यांनं कवा कागद केला का?"

तिचे यजमान दिगंबरराव मागे उभे होते. भला माणूस, पण कुठल्याही प्रश्नावर त्यांचं एकच उत्तर असतं. "बघू," ते म्हणाले.

बीरप्पा

दुसऱ्या दिवशी सकाळी बीरप्पा आला. पिढ्यान्पिढ्या यांच्या शेतात मेंढ्या बसवणाऱ्या घरचा धनगर, खांद्यावर काळी घोंगडी, तिला तो गोंगडी म्हणतो. कळप त्याने खाली तळ्यापाशी ठेवला होता आणि वाट कशी आहे ते बघायला एकटाच पुढं आला होता. आधी तो जेवला. जेवल्याशिवाय मेंढ्यांचा विषय काढायचा नाही ही तिथली रीत. आमच्याकडे पाहुणा चपला काढतो न काढतो तोच आपण काय काम काढलं म्हणून विचारतो, त्यापेक्षा हे बरं.

मी मोठ्या ऐटीत घाट त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने ती उचलली, हातात तोलली, माझ्याकडे पाहिलं आणि एवढा हसला की त्याला ठसका लागला.

"अव्वा, ही बैलाची हाय. मेंढ्याच्या गळ्यात घातली तर त्याचं तोंड जमिनीवरनं उठायचंच न्हाई."

घाट दिगंबररावांच्या बैलाला मिळाली. बैल खूश झाला असावा, कारण पुढचे दोन दिवस तो उगाच मान हलवत होता.

मग बीरप्पा मुद्द्यावर आला. "तार बघितली म्या. मेंढ्याला पाय हाईत, पंख न्हाईत. तळ्यापाशी गवत थोडं हाय, दोन दिस पुरंल. मग खाली उतरतो. उसाचे लोक बोलवूलालेत."

"आणि पुढच्या साली?" मी विचारलं.

"वाट मोडली की मोडली, अव्वा. जनावर सवयीचं असतंय. माणूस पण."

तो तळ्याकडे गेला. मला तेव्हा सगळं नीट समजलं. शकूचं एकटीचं शेत नव्हतं. कळप वर आला की तिच्या शेजारची पाच-सहा घरंही आळीपाळीने तो बसवून घेत. एकदा कळप खालचा झाला की यांच्या जमिनी दोन-तीन सालांत मरणार, आणि मेलेली जमीन विकायला माणूस फार वेळ लावत नाही. वेंचरवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. त्याला भांडायची गरजच नव्हती, नुसतं थांबायचं होतं. शेजारच्या सायलूने तर त्याला तोंडी होकारही दिला होता. त्याच्या शेतात तीन रंगवलेले दगड येऊन उभे राहिले होते.

तळ्याकडून रिकाम्या शेतांत यायला आता एकच तोंड उरलं होतं. मधे शकूची उभी ज्वारी, आणि तिला लागून सायलूच्या करडईचा पट्टा. करडई काटेरी. जनावर आत शिरू नये म्हणूनच ती कडेला पेरतात. त्या पट्ट्यापलीकडे मोकळी शेतं.

शकूने हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाली, "ज्वारी कापते."

मला वाटलं डोकं फिरलं हिचं. "शकू, वर्षाची भाकरी आहे ती."

"समदी न्हाई कापत. बैलगाडी जाईल एवढी वाट पाडते, इकडनं तिकडं."

"अगं पण कणसात दाणा भरलाय. उभं पीक कुणी कापतं का? पाप लागेल."

"दाणा भरलाय म्हणूनच जमलंय," ती म्हणाली. "हुरड्याला अशीच लागती. कणसं माणसं खातील, धांडं बैल खातील, वाटेनं मेंढ्या जातील. ह्याच्यात पाप कुठं हाय ते दाखीव मला."

मी शोधलं. सापडलं नाही. दिगंबररावांकडे पाहिलं तर ते विळ्याला धार लावत बसले होते. त्या दिवशी ते "बघू" म्हणाले नाहीत.

शकूने घरोघर निरोप पाठवला: उद्या आमच्या रानात हुरडा आहे, समद्यांनी यावं, विळा ज्याचा त्यानं आणावा. निरोप सायलूलाही गेला; त्याच्या करडईचं काय ते तो आला की बोलू, असं ती म्हणाली.

हुरडा

शहराबाहेरच्या रिसॉर्टात मी एकदा हुरडा पार्टीला गेले होते. तिथं खाट, बैलगाडी आणि फोटोसाठी फेटा होता, आणि हुरडा थंड होता. शकूच्या हुरड्याला खाट नव्हती. सकाळी ऊन चढायच्या आत बाया, म्हातारे आणि दोघी लेकुरवाळ्या विळे घेऊन आल्या. पहिला विळा शकूने टाकला. ज्वारीला आधी हात जोडले, मग कापली. मला भरून आलं. आपल्या हातानं पेरलेलं, राखलेलं पीक पाऊण वाटेवर कापायचं म्हणजे काय असतं ते तिच्या ओठांकडे पाहून कळत होतं. पण तिने मागं वळून पाहिलं नाही.

बांधाकडेला खड्डा करून गोवऱ्यांची आर केली होती. कणसं भाजायची, घोंगडीवर चोळायची, गरम दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारायची, लसणाची चटणी लावून तोंडात टाकायची. लोक कापत होते, खात होते, पुन्हा कापत होते. मीही विळा घेतला. माझ्या कापण्याकडे बघून एका म्हातारीने तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. मी अर्थ विचारला नाही. धांडांच्या पेंढ्या बैलगाडीत पडत होत्या आणि आमचा बैल नवी घाट वाजवत त्यातलंच एक धांड ओढत होता.

दुपारच्या सुमाराला कुंपणाकडून वेंचरवाल्याचा माणूस आला. पांढरा शर्ट, गॉगल, पण बोलायला नम्र. शकूने त्याच्याही हातावर हुरडा ठेवला, कारण रानात आलेल्याला हुरडा नाही म्हणायचं नसतं. त्याने खाल्ला आणि आवडीने खाल्ला.

"अम्मा," तो शकूला म्हणाला, "चार ट्रॅक्टर खाद डलवा देतूं. बकरियां का झंझट कायकू?"

"नक्को," शकू म्हणाली. "तुमच्या खतात प्लास्टिकच्या पिशव्या निघतात. माझ्या मेंढ्या पिशव्या हागत न्हाईत."

लोक खदखदून हसले. त्याला ते लागलं असावं. तो माझ्याकडे वळला. माझ्या साडीवरून मी शहरातली हे त्याने हेरलं होतं. "मॅडम, आप तो सिटी के हैं ना? आपका इसमें क्या जारा?"

माझं काय जातं! या प्रश्नाचा मला आयुष्यभर राग आहे. नळावर पाणी येत नाही तेव्हा, रस्त्यावरचं झाड तोडतात तेव्हा, कुणीतरी हाच प्रश्न विचारतो. "मी रोज भाकरी खाते," मी म्हटलं, "ती तुमच्या कमानीवर उगवत नाही." त्याला मराठी समजलं की नाही कोण जाणे, पण तो हात झटकून गेला.

ऊन कलायला लागलं तेव्हा वाट ज्वारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पडली होती. दोन्ही बाजूंना उभी कणसं आणि मधून लाल माती. बीरप्पाला तळ्यावरून ती दिसत होतीच. त्याने कुणाच्या निरोपाची वाट पाहिली नाही. काळ्या मेंढ्यांचा लोट ज्वारीत शिरला.

आणि करडईपाशी येऊन थांबला.

म्होरक्याने काट्याला नाक लावलं आणि मागं सरला. मागच्या मेंढ्या पुढं रेटत होत्या. वाट अरुंद, कळप वळवायला जागा नाही. कडेच्या मेंढ्या दोन्हीकडच्या उभ्या ज्वारीकडे माना वळवायला लागल्या. बांधाच्या पलीकडे, आपल्या करडईच्या मागे, सायलू उभा होता. सकाळपासून तो आला नव्हता. आता आला होता, पण हात मागं बांधून.

शकू बांधावर चढली. मला वाटलं ती हात जोडेल. तिने हात कमरेवर ठेवले.

"सायलू, करडई तुझी हाय. तू न्हाई म्हणलास तर मी एक विळा लावणार न्हाई. पण मेंढ्या परत खाली जायच्या न्हाईत. माझ्या ज्वारीत सोडते. खाऊ देत समदी. हितंच बसू देत."

ती रागाच्या भरात बोलत नव्हती. ती खरंच सोडणार होती. दिगंबररावांचा चेहरा पांढरा पडला. बीरप्पाने काठी आडवी धरली होती.

सायलू खाली बघत म्हणाला, "अक्का, शब्द देऊन बसलोय मी त्यांना."

त्याची बायको बालमणी तोवर त्याच्या मागं उभी होती. तिने शेजारचं गोणपाट उचललं, फाडून दोन्ही हातांना गुंडाळलं आणि करडईत शिरली.

"काय करूलालीस?" सायलू ओरडला.

"शब्द तू दिलास," ती न थांबता म्हणाली. "करडई म्या पेरली."

पुढं कुणी कुणाला काही सांगितलं नाही. शकू पलीकडे उतरली, मी तिच्यामागं. गोणपाट सगळ्यांना पुरलं नाही, मी पदरच गुंडाळला. करडईचा काटा दिसतो बारीक, पण चावरा असतो. आम्ही कापत गेलो, बायका मागून काटे ओढत गेल्या. पट्टा संपत आला तिथं वाटेच्या ऐन मधोमध एक रंगवलेला दगड उभा होता. सगळ्याजणी थांबल्या. दगडाला हात लावायचा कुणी?

सायलू आला. त्याने दगडाकडे पाहिलं, बालमणीच्या हातांकडे पाहिलं. गोणपाटातून रक्त आलं होतं. मग त्याने दगडाला मिठी घातल्यासारखे दोन्ही हात घातले, हलवला, उपटला आणि बाजूला टाकला.

बीरप्पाने काठी उचलली. म्होरक्या आमच्या मधून असा गेला, जणू काही झालंच नव्हतं, आणि त्याच्यामागं सगळा कळप, लोकरीचा आणि धुळीचा वास घेऊन. माझ्या पायांवरून कितीतरी खुरं गेली. मी हलले नाही. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. शकू म्हणाली, "रडूलालीस कशाला, चटणी डोळ्याला लागली का?" पण तिचेही डोळे कोरडे नव्हते.

दिवस मावळताना मेंढ्या रिकाम्या शेतात बसल्या. जाळी बांधली, कुत्री चारी कोपऱ्यांना गेली. पहिला मुक्काम कुणाच्या शेतात यावर थोडा वाद झाला. शकू म्हणाली, सायलूच्या. वाद तिथं मिटला.

परत

सकाळी मी शेतात गेले तेव्हा मातीवर काळ्या मिऱ्या सांडाव्यात तशा लेंड्या पसरल्या होत्या. ज्यासाठी आले होते ते पाहिलं. हळदीकुंकवातल्या बाईंना आता मी सविस्तर वर्णन ऐकवणार आहे, त्यांनी वाण द्यावं किंवा देऊ नये.

शकू आणि बालमणी ज्वारीतल्या वाटेवर वाकून काहीतरी करत होत्या. बालमणीच्या हातांना हळदीची फडकी बांधली होती. मी जवळ गेले. सायलूच्या शेतातले तिन्ही रंगवलेले दगड त्यांनी उचलून आणले होते आणि वाटेच्या कडेला पुरत होत्या.

"हे कशाला?"

"हद्द," शकू म्हणाली. "पुढच्या साली ह्या वाटेत पेरायचं न्हाई. ही आता मेंढ्यांची."

"कमी पिकेल की."

"पिकू दे की कमी."

मी म्हटलं, "वेंचरवाला दगड मागायला आला तर?"

बालमणी पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलली. "येऊ दे, अव्वा. हुरडा देऊ त्याला."

निघताना बीरप्पाने मला एक जुनी गोंगडी दिली. घाटीची परतफेड, म्हणाला. सुनेने ती तीन वेळा गॅलरीत टाकली आणि मी तीन वेळा दिवाणखान्यात आणली. सोफ्यावर आहे. वास येतो. येणारच.

त्या दिवशी बसथांब्याकडे जाताना ज्वारीतल्या त्याच वाटेवरून गेले. कळप तळ्यावर पाणी पिऊन दुसऱ्या शेतात जायला निघाला होता, आणि मेंढ्या जाता जाता एकेक थांबून दगडांना अंग घासत होत्या, खाज सुटली की घासतात तसं. पहिल्या दगडावरचा प्लॉटचा नंबर अर्धा गेला होता. पुढच्या संक्रांतीपर्यंत उरलेलाही जाईल.